डिचोलीतील घराचे उष्णतारोधक सीलिंग : टाइल निवडीच्या आणि बसवण्याच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५ – पाहणी

घर दोन काळांतले. पुढचा भाग चिऱ्याच्या भिंतींचा, वर सागवानी वासे, रिपा आणि मंगळुरी कौले. मागे नंतर जोडलेला स्लॅब, त्याखाली निजायची खोली आणि स्वयंपाकघर. मागणी एका वाक्याची: "इन्सुलेशनवाल्या टाइल्स लावा, उकाडा कमी व्हायला हवा."

मापे अशी. बैठकीची खोली ६.१० × ४.३० मी., कौलाखाली, एसी नाही आणि बसवायचाही नाही. निजायची खोली ३.७४ × ४.२८ मी., स्लॅबखाली, एसी आहे. स्लॅबखालची उंची ३.०५ मी. स्वयंपाकघर साधारण ३ × ३ मी., गॅस, चिमणी नाही.

तिन्ही खोल्यांना एकच टाइल लावायचा आग्रह नको, हे इथेच ठरले. कौलाखालची पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी असते. जुलैत तिथे बाहेरइतकीच दमट हवा फिरते. स्लॅबखालची पोकळी बंद असते. दोन्हींत टाइलला भोगावे लागणारे हवामान वेगळे.

१४ फेब्रुवारी – आकडे

दुकानात "इन्सुलेटेड" म्हणून जे दाखवतात त्यातला निम्मा माल टाइल म्हणून चांगला आणि रोधक म्हणून नगण्य असतो. हिशेब सोपा आहे: जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिला उष्णतावाहकतेने भागायचे. येतो तो आर, म्हणजे उष्णतेला होणारा रोध.

१२.५ मिमी जिप्समचा आर सुमारे ०.०८, म्हणजे नसल्यासारखाच. १५ मिमी मिनरल फायबर टाइलचा ०.२७ च्या आसपास. ५० मिमी रॉकवुलचा (दगडी लोकर) १.३५, ४० मिमी एक्सपीएसचा (पॉलिस्टायरीन फोमचा घट्ट तक्ता) १.३३. टाइल कितीही भारी घेतली तरी टाइल आणि रोधक थर यांच्यात चारपाच पटींचा फरक राहतोच.

आता स्लॅब. १२५ मिमी काँक्रीट, खालचे प्लास्टर आणि दोन्ही पृष्ठभागांचा रोध धरून आर ०.३१, म्हणजे यू (आरचा व्यस्त; जितका कमी तितकी उष्णता कमी शिरते) ३.२ च्या घरात. इको निवास संहिता २०१८ मध्ये घरांच्या छतासाठी यूची कमाल मर्यादा १.२ आहे. नुसती मिनरल फायबर टाइल आणि वरची हवेची पोकळी धरली तर बेरीज ०.७५ आणि यू १.३३. मर्यादेत बसत नाही. ४० मिमी एक्सपीएस स्लॅबला चिकटवला तर त्याच्याच जोरावर यू ०.६१, खाली टाइल आल्यावर ०.५ च्या आत.

त्यामुळे निर्णय उलटा घ्यायचा. उष्णता अडवायचे काम वरच्या थराला द्यायचे. टाइल निवडायची ती ओल, वाक, गंज आणि सफाई पाहून.

(स्लॅबच्या वरच्या बाजूने रोधक थर देणे याहून चांगले, काँक्रीट तापतच नाही. पण इथे गच्चीचे वॉटरप्रूफिंग शाबूत आहे, टाकी आणि पाइप जागेवर आहेत. ते उखडायला घरचे तयार नाहीत आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे.)

१८ फेब्रुवारी – घामाचा प्रश्न

थंड देशांतली माहितीपत्रके वाफरोधक पडदा खोलीच्या बाजूला लावायला सांगतात, कारण तिथे ओल आतून बाहेर जाते. गोव्यात ती बाहेरून आत येते. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या किंचित वर असतो. २४ अंशांवर एसी चालू ठेवलेल्या खोलीचे सीलिंग त्याहून थंड. अशा सीलिंगच्या पाठीवर बाहेरची हवा आली की पाणी सुटणारच, आणि आधी सुटणार ते टीवर (टाइल जिच्यावर टेकते ती उलट्या टी आकाराची पट्टी), कारण पत्र्याची टी खोलीतली थंडी सरळ वर नेते. मग टाइलच्या चारही कडांना तपकिरी रेघ उठते, आणि दोष गळक्या छताला दिला जातो.

यातून दोन गोष्टी ठरल्या.

निजायच्या खोलीत टाइलच्या पाठीवर लोकर टाकायची नाही. रोधक थर स्लॅबला घट्ट चिकटवायचा. मग पोकळी खोलीच्याच हवामानात येते, बाहेरची हवा तिथे पोचत नाही, टी घामत नाही. शिवाय बहुतेक मिनरल फायबर टाइलवर वजन ठेवायला उत्पादक परवानगी देत नाहीत. ५० मिमी रॉकवुल, घनता ४८ किलो प्रति घनमीटर, म्हणजे चौरस मीटरला २.४ किलो. टाइल वाकायला तेवढे पुरे.

बैठकीच्या खोलीत पुढेमागे एसी बसवायचा झाला तर हे सुट्या टाइल्सचे सीलिंग काढावे लागेल. टी-ग्रिड, म्हणजे टींची जाळी, हवाबंद होत नाही. तिथे सांधे भरलेले अखंड सीलिंगच लागेल. घरच्यांना हे लेखी दिले आहे.

२४ फेब्रुवारी – नमुने

मागवलेले नमुने आणि त्यांच्याबद्दलचे मत:

पीव्हीसी फिल्म लावलेली जिप्सम टाइल. दिसायला स्वच्छ, पुसता येते. पण फिल्म खालून. कापलेल्या कडेला आणि पाठीला कागद उघडा. ओल तिथून शिरते. गोव्यात कोरड्या, स्लॅबखालच्या खोलीपुरती ठीक. कौलाखाली नको.

मिनरल फायबर, १५ मिमी. आवाज शोषते, हलकी, चाकूने कापता येते. बऱ्याच टाइल्सच्या बांधणीत स्टार्च असतो आणि बुरशीला तो आवडतो, म्हणून बुरशीरोधक प्रक्रिया केलेलीच घ्यायची. पत्रकावर आरएच (सापेक्ष आर्द्रता, टक्क्यांत) ७०, ९०, ९५, ९९ असे आकडे असतात. त्या आर्द्रतेपर्यंत टाइल वाकणार नाही एवढाच त्यांचा अर्थ. पाण्याचा थेंब पडला की आरएच ९९ ची टाइलही डागाळतेच. आपल्याकडे ९५ च्या खालची विचारात घेऊ नये.

कॅल्शियम सिलिकेट, १५ मिमी हलकी. ओलीने फुगत नाही, जळत नाही, वाळवी लागत नाही. कडा ठिसूळ, उतरवताना कोपरे उडतात.

पीव्हीसी पट्ट्या. सध्या सगळीकडे दिसतात, कारण भिजल्या तरी काही होत नाही. पण तापल्या की मऊ पडतात आणि पत्र्याखाली लाटेसारख्या वाकतात. गॅसच्या वर तर नकोच.

थर्माकोलच्या टाइल्स परत पाठवल्या. उंदीर पोखरतात, मुंग्या घरे करतात आणि आग लागली तर वितळून थेंब पेटत खाली पडतात.

परीक्षा अशी लावली: न्हाणीघरात टीची ६०० मिमीची चौकट टांगून प्रत्येक टाइल आळीपाळीने तीत ठेवायची, खाली ओले पोते, दार बंद. नंतर कडेपासून कडेपर्यंत पोलादी पट्टी ठेवून मध्यावरचा वाक मोजायचा. प्रत्येक टाइलची एक कड मुद्दाम कापून ठेवली आहे. कारखान्याची रंगवलेली कड खरी गोष्ट सांगत नाही.

६ मार्च – नमुन्यांचा निकाल

कॅल्शियम सिलिकेट सरळ. आरएच ९५ ची मिनरल फायबर जवळजवळ सरळ. पत्रकावर आर्द्रतेचा आकडाच नसलेली स्वस्त मिनरल फायबर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी वाकली. जिप्समची खालची बाजू नवीकोरी, कापलेल्या कडेचा कागद सुटलेला.

निवड: बैठकीची खोली कॅल्शियम सिलिकेट. निजायची खोली मिनरल फायबर आरएच ९५. स्वयंपाकघर भोके नसलेली ॲल्युमिनियमची पावडर कोटेड टाइल, कारण फोडणीचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने पुसता यायला हवा. मिनरल फायबर तो पिऊन टाकते आणि मग पिवळी पडते.

८ मार्च – आधी छत

गच्चीच्या तोंड्या बंद करून ५० मिमी पाणी ४८ तास साठवले. खालून एक ओलसर डाग उठला, पाइप स्लॅबमधून जातो तिथे. पाइपभोवतीचा गिलावा खोदून, नव्याने भरून पुन्हा पाणी साठवून पाहायचे. ही चाचणी केल्याशिवाय खालून काहीही चिकटवू नये. एक्सपीएस पाणी पीत नाही, पण ते आडवे वाहून दुसऱ्याच कोपऱ्यात काढून देते, आणि मग गळती शोधणे कर्मकठीण.

१५ मार्च – निजायच्या खोलीचे सामान

खोली १६ चौ.मी. एका टाइलने ०.३६ चौ.मी. व्यापते, म्हणजे ४४.५ टाइल्स, असा हिशेब दुकानदार करतो. खरा हिशेब मांडणीवर ठरतो.

३७४० मिमीत ६०० च्या सहा टाइल्स बसवल्या तर १४० मिमीची पट्टी उरते. ४२८० मध्ये सात बसवल्या तर ८० ची. असल्या पट्ट्या वाईट दिसतात आणि टिकतही नाहीत. म्हणून मध्यात पाच आणि सहा अखंड टाइल्स, कडेला ३७० आणि ३४० मिमीचे तुकडे. एकूण ७ × ८ = ५६ जागा. तुकडे अर्ध्याहून मोठे असल्यामुळे एका टाइलमधून एकच निघतो. म्हणजे ५६, वर चार जादा. ६० मागवल्या, एकाच बॅचच्या. पांढऱ्यातही छटा असतात.

मेन टी लांबीच्या दिशेने, भिंतीपासून ३७०, १५७० आणि २७७० मिमीवर. प्रत्येक रांग ४२८०, टी ३६०० ची, म्हणजे ६८० चा तुकडा जोडायचा. तीन तुकडे एका टीतून निघतील असे वाटते, पण मधल्या तुकड्याला जोडाची जीभ कुठल्याच टोकाला राहत नाही. म्हणून तीन अधिक दोन, पाच टी. क्रॉस टी १२०० च्या २५: चौदा अखंड, सात ९७० ला कापून आणि चार टींमधून ३७० चे सात तुकडे. ६०० च्या २४. वॉल अँगल (भिंतीलगतची आधारपट्टी) परिमितीला १६.०४ मी., ३ मी. चे सहा. हँगर (ग्रिड स्लॅबला टांगणारे आधार) १२, शिवाय प्रत्येक जोडाजवळ एक, एकूण १५.

एक्सपीएस १२५० × ६०० मिमी, ४० मिमी जाड, २४ तक्ते. नायलॉनचे चकतीवाले खिळे ९० मिमी, तक्त्याला पाच, १२० नग. ॲल्युमिनियम टेप.

टी जस्ताचा जाड थर असलेली घ्यायची; १२० ग्रॅम प्रति चौ.मी. लिहून घेतले. डिचोली समुद्रापासून आत आहे, म्हणून पोलाद चालेल. कळंगुट-मोरजीच्या पट्ट्यात हेच काम असते तर ॲल्युमिनियमची टी आणि स्टेनलेस स्क्रू धरले असते. कापलेल्या टोकांवर जस्त राहत नाही, तिथे झिंक पेंट लावायचा; गंज नेहमी टोकापासून सुरू होतो.

२ एप्रिल – स्लॅबखालचे काम

क्रम: आधी डिस्टेंपर खरवडणे. रंगावर चिकटवलेला तक्ता रंगासकट उतरतो. मग हँगरचे अँकर स्लॅबमध्ये बसवणे. मग एक्सपीएस, हँगरच्या जागी भोक पाडून. भोकाभोवती पीयू (पॉलियुरेथेन) फोम.

चिकटवायला सनमायकाचे रबर सोल्युशन चालत नाही. त्यातला द्रावक पॉलिस्टायरीन खातो. तक्ता मागून खड्डे पडून सुटतो आणि ते पुढून दिसतही नाही. पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा चिकट किंवा पीयू चिकट वापरावा. तक्त्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे अर्ध्याने सरकवायचे. प्रत्येक सांध्यावर टेप. टेप नसेल तर रोधक थर त्या फटीशी तुटतो.

एक्सपीएस ज्वालारोधक दर्जाचा असला तरी जळतो. म्हणून पोकळीतली सगळी वायरिंग बंद पाइपात, जोड फक्त डब्यात. एलईडीचे ड्रायव्हर तक्त्याला टेकवायचे नाहीत. स्वयंपाकघरात एक्सपीएस अजिबात नाही. तिथे फॉइल लावलेले रॉकवुल, घनता ६४, ५० मिमी, पिनांनी स्लॅबला.

९ एप्रिल – ग्रिड

उंची २.८५ मी. वर पक्की. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीला २.७५ मी. किमान सांगते, त्याच्या वर आहे. पोकळी १६० मिमी. टाइल तिरकी करून आत घालायला १०० तरी लागते.

लेझरने चारही भिंतींवर रेघ. जुन्या घरात फरशीवरून माप घेऊन रेघ मारली तर सीलिंग फरशीच्या उतारासारखेच तिरके होते. वॉल अँगल ४५० मिमीवर स्क्रूने. कर्णांची मापे जुळेपर्यंत टाइल हातात घ्यायची नाही; ५ मिमीचा फरक शेवटच्या रांगेत टाइल अडकवतो.

पंखा ग्रिडवर नाही. स्लॅबच्या हुकातून रॉड, टाइलच्या मध्यात भोक, भोवती १० मिमी मोकळे आणि वर कप. पाती सीलिंगच्या ३०० मिमी तरी खाली हवीत, नाहीतर पंखा नुसता घोंघावतो. एसीचा निचरा-पाइप पोकळीतून जातो, त्यावर १३ मिमी नायट्राइल रबर.

टाइल लावताना हातमोजे घालावेत. पांढऱ्या मिनरल फायबरवर उठलेला अंगठा पुसला की जास्त पसरतो.

२२ एप्रिल – कौलाखाली

इथली उष्णता मुख्यतः प्रारणाची. दुपारी कौल तापते आणि खाली फेकते. म्हणून जाड लोकरीऐवजी चकचकीत फॉइलचा पडदा, वाशांच्या खालच्या अंगाला. कौल आणि फॉइल यांत वाशाच्या जाडीइतकी हवा राहते, फॉइल आणि टाइल यांत आणखी. फॉइलला दोन्ही बाजूंनी हवा लागते. कशाला चिकटवले की चमक वाया. वरच्या तोंडावर वर्षभरात धूळ बसते, म्हणून खालचे तोंड चकचकीत हवेच, उत्सर्जनक्षमता (उष्णता खाली फेकण्याचे प्रमाण) ०.०५ च्या आत.

क्षेत्र: २६.२ चौ.मी., उतार सुमारे ३० अंश, म्हणजे तिरके ३०.३, ओव्हरलॅप धरून ३४. गुंडाळी १.२ × ३० मी., एक पुरते.

मेस्ताला (कारागिराला) क्रम उलटा सांगावा लागला. कौल फुटले तर पाणी फॉइलवरून वाहून पागोळीकडे बाहेर पडायला हवे. म्हणजे ओव्हरलॅपमध्ये वरचा पट्टा वर आणि खालचा त्याच्याखाली. कौले न काढता, खालून काम करताना हे साधायचे तर आढ्यापासून सुरुवात करून खाली यायचे. ओव्हरलॅप १०० मिमी. आढ्याशी दोन्ही बाजूंना १०० मिमी उघडे, तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जावी म्हणून. पागोळीच्या बाजूला १२ मिमी जाळी. नाहीतर उंदीर आणि कांडेचोर नव्या सीलिंगवर संसार थाटतात. स्टेपल मारण्याआधी वाशांवरून गेलेली वायर बाजूला घेतली. फॉइल वीज वाहते, वायरीतून गेलेले एक स्टेपल पुरे.

वासे दोन्ही बाजूंनी बंदिस्त करायचे नाहीत. लाकूड वाळायला जागा राहिली पाहिजे.

२६ एप्रिल – माटोळी

आराखड्यात ही गोष्ट नव्हती, घरच्या आजींनी लक्षात आणून दिली. चवथीला गणपतीसमोर माटोळी बांधतात ती याच खोलीत. लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तोरिंगण, रानातली फळे. ग्रिडचा हँगर टाइलचे चार-पाच किलो पेलण्यासाठी असतो. माटोळी त्याच्या जवळही नको.

चार हुक, १० मिमी रॉड, तुळयांना आरपार बोल्ट आणि वर पत्र्याची चकती. भार १५० किलो धरून. रॉड टीतून न नेता टाइलच्या मध्यातून खाली आणायचा. एरवी हुक काढून रॉडच्या आट्यांवर पितळी टोपी. रॉड कुठे येतात हे पाहून ग्रिडची सुरुवातीची रेघ ८० मिमी सरकवली. कडेचे तुकडे थोडे असमान झाले, ते चालेल.

६ मे – बैठकीच्या खोलीचे सीलिंग

टी २४ मिमी रुंद. कॅल्शियम सिलिकेट करवतीने कापली, कापलेल्या कडेला सीलर. प्रत्येक टाइलला दाबपट्टीच्या दोन क्लिपा: कौलांच्या फटींतून वारा शिरला की हलकी टाइल उचलली जाते आणि तिरकी होऊन बसते. एका कोपऱ्यातल्या दोन टाइल्स मात्र बिनक्लिपेच्या, वर चढायला. शाकारणीवाल्याला दाखवून ठेवले की पाय तुळईवर, ग्रिडवर नाही. माकडे कौले हलवतात, त्यामुळे वर चढावे लागणारच.

२९ मे

यंदा मोसमी पाऊस मे संपायच्या आतच पोचला. दोन कौलांतून थेंब, दोन्ही फॉइलवरून पागोळीला गेले. टाइल कोरडी.

२० जुलै – दमट दिवसांतली तपासणी

निजायची खोली: एसी २५ वर, टी कोरडी, वाक नाही. एका टाइलवर गोल डाग. वर एसीच्या निचऱ्याचा सांधा, रबराची बाही तिथे १० मिमी आखूड. बाही बदलली, टाइल जादातली घातली. गोल आणि सुटा डाग पाइपचा, कडेने धावणारी रेघ घामाची, पसरट आणि वेडावाकडा डाग छताचा, असे ढोबळ ओळखता येते.

बैठकीची खोली: टाइल सरळ. वॉल अँगलच्या एका कापलेल्या टोकाला लालसर ठिपका. झिंक पेंट सुटला होता, घासून पुन्हा लावला. पोकळीला वास नाही.

स्वयंपाकघर: ॲल्युमिनियमवर गॅसच्या वरच्या चार टाइल्सना तेलाचा थर. साबणपाण्याने निघाला. चिमणी बसवली तर हेही कमी होईल.

२५ ऑगस्ट

चवथीआधी चारही रॉडना १५० किलोची चाचणी: वाळूच्या गोणी टांगून रात्रभर. तुळई वाकली नाही, रॉडभोवतीच्या टाइलला तडा नाही. हुक लावून दिले.

५ सप्टेंबर – शिल्लक कामे

माटोळी उतरली, टोप्या परत बसवल्या. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर पागोळीच्या जाळीतला पाचोळा काढणे. मार्चमध्ये शाकारणीच्या वेळी फॉइलचे स्टेपल तपासणे. उरलेल्या टाइल्स आडव्या, सपाट, प्लॅस्टिकात गुंडाळून कपाटावर ठेवल्या आहेत. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर वाकतात. खोक्यावर बॅच क्रमांक लिहिला आहे.